पुन्हा केवायसी!

झालं, परत आईच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे निघेनात! कारण काय, तर केवायसी अपडेट नाही. अहो, पत्ता तोच, आधार तेच, सही तीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमात कमी जोखमीच्या ग्राहकाला 10 वर्षांची मुदत आहे, आणि काही बदललं नसेल तर नुसती स्वयंघोषणा पुरते. काउंटरवर मात्र पुन्हा झेरॉक्स, पुन्हा फोटो, वर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’. एवढं करून एफडीसाठी गेलं की विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला तयारच!

इकडे चर्चा कसली, तर परदेशी भांडवलाची. खासगी बँकांत 74 टक्क्यांपर्यंत मुभा, सरकारी बँकांत 20. कोल्हापुरात 1943 साली निघालेली रत्नाकर बँक, म्हणजे आताची आरबीएल. तिचा 60 टक्के हिस्सा घ्यायला 2025 मध्ये दुबईची बँक पुढे आली. येऊ दे, भांडवल हवंच. पण शाखेत माणसं कधी येणार? एकच बाई पासबुकं छापते, तीच केवायसीचे फॉर्म घेते, तीच म्हाताऱ्यांची बोलणी खाते. राग तिच्यावर नाही. भरती अडवून ठेवणाऱ्यांवर आहे!