‘घरात बसून बेटं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ज्या रानात झाडांच्या जाती कमी, तिथं पानं खाणाऱ्या अळीचं फावतं, असं मागच्या लेखात लिहिलं आणि बेटांवरच्या जंगलांचा दाखला दिला. त्यावर आपण लिहिलंत, ‘हवाईच्या बेटांचा खानापूरच्या सागाशी काय संबंध? बेळगावात घरात बसून बेटं मोजणाऱ्यांनी आम्हाला रान शिकवू नये.’

आधी माझी चूक. सागावर एकच अळी येते असं लेखात आलं, ते बरोबर नाही. पावसाच्या तोंडाला कोवळं पान खाऊन नुसत्या शिरा ठेवणारी वेगळी, पावसाळा सरताना पानाची जाळी करणारी वेगळी. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘घरात बसून’? साहेब, माझं बालपण खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या रानाकाठी गेलं. जूनमध्ये वडिलांबरोबर सागाच्या लागवडीत शिरलो की पाऊस नसतानाही टपटप ऐकू यायचं. त्या अळीच्या लेंड्या. खांद्यावर काळे दाणे पडायचे, धाग्याला लोंबणाऱ्या अळ्या मानेला चिकटायच्या. आई सदरा झाडल्याशिवाय घरात घेत नसे. ओढा ओलांडला की देवाचं रान, त्यात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. मधे दोन-चार सागही होते. त्यांच्या पानांना भोकं होती, पण पानं जाग्यावर होती. हे मी कुठं वाचून सांगत नाही.

आता संबंध. २०१३ साली हवाई बेटावर कोआच्या झाडांची हजारो एकर जंगलं एका पतंगाच्या अळीनं बोडकी केली. पतंग तिथलाच, कोआही तिथलाच. पण डोंगरच्या डोंगर एकाच झाडाचे असले की मादीला अंडी घालायला झाड शोधावं लागत नाही. सागाच्या रांगांत तेच होतं. बेटाला पाणीच लागतं असं कोणी सांगितलं? आपण कळकाच्या जुडग्यालाही बेटच म्हणतो, तसं सागाची लागवड हेही एक बेटच. व्हेनेझुएलात गुरी धरणाच्या पाण्यात टेकड्यांची बेटं झाली. लहान बेटांवरचे शिकारी प्राणी गेले आणि पानं खाणारे दहा ते शंभर पटींनी वाढले. नुसत्या सागात अळी टिपणारी पाखरं किती टिकतात, तेही कधी बघा.

मिश्र रानात अनेक झाडं खाणाऱ्या किड्यांची उलट चंगळ होते, हा आपला दुसरा मुद्दा. असतील तसे किडे, लेख त्यांच्यावर नव्हता. ‘अळीनं साग मरत नाही’, कबूल. पण केरळात निलांबूरला मोजलं, तेव्हा अळीपायी लाकडाची वाढ ४४ टक्के बुडालेली निघाली. माझ्या शुद्धलेखनावर आपण चार ओळी खर्च केल्यात, त्याला उत्तर देत नाही.

पंचवीस वर्षं रानात नोकरी केली म्हणता. मान आहे. पण त्या मानापायी दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत नाही, आणि असल्या भाषेत तर मुळीच नाही. जूनमध्ये जांबोटीला या. आधी सागाखाली उभं राहू, मग ओढ्यापलीकडं जाऊ.