दहा पौंडांत विकलेला क्लब

आज १३ जानेवारी. २०१५ साली याच दिवशी सर जॅक हेवर्ड, वुल्व्ज या इंग्लिश फुटबॉल क्लबचे जुने मालक, गेले, ९१ वर्षांचे होऊन. सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी क्लबच्या मोलिन्यू मैदानाबाहेरचा तेव्हाचा फोटो टाकला, फुलं आणि सोनेरी-काळे स्कार्फ, आणि त्याखाली एका शहाण्यानं लगेच लिहिलं, "करोडपती मालक मेला म्हणून रडणारे गुलाम." हसरे इमोजी किती पडले ते मोजत बसलो नाही. डोकं फिरलं एवढं खरं.

आपल्यापैकी बहुतेकांना हे सांगायची गरज नाही, पण तरी लिहितो. वुल्व्ज म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. हेवर्ड गेले तेव्हा ते मालक नव्हतेच. क्लब त्यांनी २००७ मध्येच विकला होता. किती पौंडांना? दहा. दहा लाख नव्हे, दहा. आणि त्याआधीच्या सतरा वर्षांत त्यांनी त्यात सुमारे ७ कोटी पौंड घातले होते.

दहा पौंडांत विकून हेवर्डनी नुसता "मोठेपणा मिरवला" म्हणणाऱ्यांनी आधी क्लब विकतात कसा ते समजून घ्यावं. एरवी घेणारा पैसे मोजतो ते विकणाऱ्या मालकाला. क्लबच्या खात्यात छदाम येत नाही. गोलकीपर तोच, गळकं छत तेच, फक्त शेअर्स या नावावरून त्या नावावर. याहून वाईट प्रकार म्हणजे घेणारा कर्ज काढून क्लब घेतो आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवतो. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना गेला तेव्हा हेच झालं. म्हणजे स्वतःलाच विकत घेतल्याचं व्याज क्लबनं भरायचं आणि चाहत्यानं तिकिटातून.

हेवर्डनी व्यवहार उलटा फिरवला. इंग्लंडच्या कायद्यात करार पक्का व्हायला काहीतरी मोबदला द्यावाच लागतो, म्हणून दहा पौंड. खरी किंमत अटीत होती: घेणाऱ्या स्टीव्ह मॉर्गननी ३ कोटी पौंड क्लबमध्ये घालायचे. हेवर्डच्या खिशात नाही, क्लबमध्ये. तेच ३ कोटी त्यांनी स्वतःसाठी मागितले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं, हक्कच होता त्यांचा. पण मग मॉर्गनचा पैसा हेवर्ड राहत त्या बहामाजला गेला असता आणि संघाला खेळाडू कशातून मिळाले असते, ते त्या शहाण्यानं सांगावं.

१९९० मध्ये त्यांनी क्लब २१ लाख पौंडांना घेतला तेव्हा हाती काय आलं होतं ते बघा. १९५४, ५८, ५९ चे लीग विजेते, पण ती झाली जुनी पुण्याई. १९७९ मध्ये क्लबनं एका बाजूला नवाकोरा जॉन आयर्लंड स्टँड बांधला. तो जुन्या स्टँडच्या मागे, रस्त्यापलीकडची घरं पाडून उभा केला, कारण योजना अशी की बाकीच्या बाजूही पाडायच्या आणि अख्खं मैदान या नव्या स्टँडकडे सरकवायचं. पहिला टप्पा झाला आणि पैसे संपले. मैदान राहिलं जुन्या जागी, स्टँड राहिला मागे, आणि पहिली रांग ते साइडलाइन यांच्यामध्ये नुसतीच रिकामी पट्टी. वर्षानुवर्षं लोक तिथून मॅच बघायचे, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून बघावी तशी. त्या एका स्टँडच्या कर्जानं १९८२ मध्ये क्लब रिसीव्हरच्या, म्हणजे देणेकऱ्यांसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या, ताब्यात गेला आणि मुदत संपायला काही मिनिटं असताना वाचला. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं मेली. मग नियम कडक झाले आणि मोलिन्यूच्या दोन जुन्या बाजूंना कुलूप लागलं. ओळीनं तीन वर्षं घसरण, थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये. मैदान शेवटी महापालिकेनं विकत घेतलं आणि क्लबचं कर्ज एका सुपरमार्केट कंपनीनं फेडलं, शेजारी दुकान बांधायला परवानगी मिळावी म्हणून. १९८६ च्या नोव्हेंबरात एफए कपमध्ये लीगबाहेरच्या चॉर्लीनं ३-० मारलं. तिथून स्ट्रायकर स्टीव्ह बुलच्या गोलांवर संघ दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत चढला खरा, पण मैदान तसंच अर्धं बंद.

हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर सुरक्षेबद्दलचा टेलर अहवाल आला होता. वरच्या दोन डिव्हिजनमधली मैदानं ऑगस्ट १९९४ पर्यंत पूर्ण खुर्च्यांची करायची होती. हेवर्डच्या लोकांनी धरलेला क्रम बघा. आधी उत्तरेचा बंद पडलेला स्टँड पाडला, तिथे १९९२ मध्ये स्टॅन कलिस स्टँड. मग वॉटरलू रोडची दुसरी बंद बाजू, तिथे ऑगस्ट १९९३ मध्ये बिली राइट स्टँड. दक्षिणेची गर्दीची बाजू, साउथ बँक, सगळ्यात शेवटी, डिसेंबर १९९३ मध्ये पूर्ण. कुलूप लागलेल्या बाजू आधी पाडल्या की तिकीटविक्री बुडत नाही, आणि गर्दीच्या बाजूला हात लावायच्या आधी लोकांना बसवायला नव्या जागा तयार असतात. बाजू नव्या झाल्या तसं मैदानही अखेर त्या जॉन आयर्लंड स्टँडच्या जवळ आलं. साडेअठ्ठावीस हजार खुर्च्या, मुदतीच्या आठ महिने आधी. उद्घाटनाला बोलावलं हंगेरीच्या हॉन्वेड क्लबला, ज्यांना १९५४ मध्ये प्रकाशझोतात याच मैदानावर ०-२ वरून ३-२ हरवलं होतं.

हो, मान्य, संघावर खर्च करताना एवढी अक्कल दिसली नाही. सात मॅनेजर झाले. प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांत, १९९५ ला बोल्टनकडून हरले, १९९७ ला क्रिस्टल पॅलेसकडून, २००२ ला नॉर्विचकडून. त्या २००२ च्या मोसमात शेजारच्या वेस्ट ब्रॉमवर मोठी आघाडी होती, ती घालवून त्यांनाच थेट वर जाऊ दिलं. यात नवल काहीच नाही. मालकाचा खिसा खोल आहे हे विकणाऱ्या क्लबला कळलं की खेळाडूचा भाव वाढतो, एजंटाला कळलं की पगार वाढतो, आणि तीन-चार वर्षांचा करार एकदा सही झाला की खेळाडू जखमी असो वा बाकावर, पगार चालूच. सिमेंट कुठे जात नाही, स्ट्रायकरचा गुडघा जातो. मी काही तुमची दुभती गाय नाही, अशा अर्थाचं हेवर्ड एकदा चारचौघांत वैतागून बोललेही. पोटच्या मुलाला चेअरमन केलं आणि त्याच्याशीही बिनसलं.

बरं, अखेर २६ मे २००३. कार्डिफमध्ये प्लेऑफची फायनल, शेफील्ड युनायटेडला ३-० हरवलं, तिन्ही गोल मध्यंतराआधी, नंतर गोलकीपर मॅट मरेनं पेनल्टी अडवली. हेवर्डनी क्लब घेतल्यावर तेरा वर्षांनी प्रीमियर लीग. एकच मोसम टिकले, ३३ गुण, तळाला. मॅन्चेस्टर युनायटेडला १-० हरवलं तेवढाच आनंद. वर चढल्यावर हात आखडता घेतला असंही लोक म्हणाले, आणि ते खोटं नाही.

पण त्यानंतर काय केलं ते महत्त्वाचं. वय ऐंशी, क्लब विकायला काढलेला, आणि ग्राहक मनासारखा मिळेपर्यंत २००७ उजाडलं. तोवर दरमहा पगार होत होते. त्या चार वर्षांत कुणालाही विकून मोकळं होता आलं असतं. दहा पौंडांची गोष्ट सांगताना लोक हा वाट बघण्याचा भाग गाळतात, म्हणून चिडतो मी. मॉर्गन लिव्हरपूलचे चाहते होते, आधी तोच क्लब घ्यायला बघत होते, तरी हेवर्डनी त्यांना नाकारलं नाही. मनगटावर वुल्व्ज गोंदलेला माणूस नको होता, अट पाळण्याची ऐपत असलेला हवा होता.

आता दुसरा व्यवहार बघा. बेरी एफसी, १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप. डिसेंबर २०१८ मध्ये विकला गेला एका पौंडाला! हेवर्डपेक्षाही स्वस्त, वा! पण इथे अट नव्हती, इथे देणी होती. मैदान गहाण, एवढंच काय, गाड्या लावायच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकून झालेल्या. नवा मालक जाहीरपणे म्हणाला की बेरीत फुटबॉल क्लब आहे हेही आपल्याला माहीत नव्हतं. पगार थकले. त्यातही पोरांनी संघ वरच्या डिव्हिजनला नेला. मग देणेकऱ्यांशी तडजोड करावी लागली म्हणून नव्या मोसमाआधीच १२ गुण वजा. पैसे कुठून आणणार याचा लीगला पटेल असा पुरावा मिळेना, म्हणून एकेक सामना पुढे ढकलला, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लब लीगबाहेर. संपलं. एक पौंड आणि दहा पौंड, फरक नऊ पौंडांचा नाही हे एव्हाना कळलं असेल.

डर्बी काउंटी या क्लबचंही तसंच. २०१८ मध्ये मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं, कागदावर नफा दिसला. २०२१ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे देणी थकून प्रशासकाच्या ताब्यात, गेला तेव्हा क्लब एकीकडे आणि मैदान दुसरीकडे, घेणाऱ्याला दोन सौदे करायचे. एकूण २१ गुण गेले आणि संघ खाली.

वुल्व्जचीही मॉर्गनच्या काळात सलग दोनदा घसरण झाली, २०१२ आणि २०१३, पार तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत. एवढ्या घसरणीत कितीतरी क्लब मेले असते. हा १०३ गुण घेऊन पुढच्याच वर्षी वर आला. कारण खाली पडताना पायाखाली मैदान होतं आणि मानेवर जुन्या मालकाचं कर्ज नव्हतं.

हेवर्ड काही संत नव्हते. ब्रिटनचं प्रेम इतकं की टोपणनावच 'युनियन जॅक', आणि राहायचे मात्र करमुक्त बहामाजमध्ये. त्यावर हसायचं तर हसा. पण मोलिन्यूजवळच जन्मलेला मुलगा, लहानपणी तिकिटाला पैसे नसल्यासारखा टर्नस्टाइलखालून सरपटत आत शिरायचा, आणि साठीच्या पुढे त्यानं तेच मैदान नव्यानं बांधलं. त्या साउथ बँकेला आता त्यांचं नाव आहे. स्कार्फ ठेवणारे लोक पैशाला रडत नव्हते हो. आपल्यातलाच एक जण मालक झाला आणि मालक झाल्यावरही क्लबला विसरला नाही, याला रडत होते.

आणि आपल्याला हा माणूस परका वाटत असेल तर एक सांगतो. १९७३ चा महिलांचा क्रिकेट विश्वचषक, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा, क्रिकेटमधला पहिलाच, याच हेवर्डच्या ४० हजार पौंडांवर झाला. कल्पना त्यांची आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्याच रेचल हेहो फ्लिंट यांची. भारत त्यात नव्हता. २ नोव्हेंबर २०२५ ला नव्या मुंबईत आपल्या मुलींनी उचलला तो चषक त्याच स्पर्धेचा.

आपल्याकडचं काय? मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. २००५-०६ चे राष्ट्रीय लीग विजेते. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि ती जागा हैदराबादला गेली. २०१६ मध्ये गोव्यातले साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, त्यांचं भांडण महासंघाच्या धोरणाशी होतं, तो वेगळा विषय. महिंद्रावाल्यांनाही फार बोलवत नाही, कंपनीचा पैसा, कंपनीची मर्जी. पण त्यांना विकायचा म्हटला असता तरी विकणार काय? कूपरेजचं मैदान स्वतःचं नाही, खेळाडूंचे करार मोसमाचे, आणि नाव म्हणावं तर कंपनीचंच, ते दुसऱ्याला कसं देणार? तिथे दहा रुपयांचा सौदा करायलासुद्धा काही शिल्लक नव्हतं.