'डायरेक्ट फिट' म्हणणाऱ्याला एकदा माझ्या अंगणात आणा

राजेहो, आज डोकं तापलेलं आहे, भाषा जरा सांभाळून घ्या. पाठीत मुरमाचे खडे रुतलेत, डाव्या डोळ्यात गेलेला गंजाचा कण सकाळी डॉक्टरांनी काढला, आणि मी गाडी चालू केली की शेजारची म्हैस दावं तोडायला बघते. आणि हे सगळं गाडीच्या नव्या सायलेन्सरच्या खोक्यावरच्या एका ओळीवर भरवसा ठेवला म्हणून. 'डायरेक्ट फिट. वेल्डिंगची गरज नाही. घरच्या घरी अर्ध्या तासात बसवा.'

अर्धा तास! अर्ध्या तासात माझा पहिला बोल्टसुद्धा हलला नव्हता.

गाडी 2012 ची, पेट्रोल, छोटी. मॉडेल सांगत नाही, लोक लगेच त्यावरच भांडायला लागतात. मागचा सायलेन्सर सडला होता. सडणारच. माझं रोजचं जाणं-येणं म्हणजे घरून शेत तीन किलोमीटर आणि शेतातून घर तीन किलोमीटर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होते. ते वाफ होऊन शेपटीतून निघून जायला पाहिजे, पण सायलेन्सर नीट तापायच्या आत आपण गाडी बंद करतो, मग ते पाणी आतच मुरते आणि पत्रा आतून खाते. वरून बघाल तर धडधाकट. एक दिवस पोटच फाटते.

त्यात आमचा रस्ता. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत टाकली, गिनीज बुकात नाव लागलं. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः पेढे खाल्ले. पण तो महामार्ग सोडून माझ्या गावाकडं वळलात की 14 किलोमीटर असे आहेत की सायलेन्सर दर फर्लांगाला जमिनीला नमस्कार करतो. पाच दिवसांत 75 किलोमीटर होतात आणि हे 14 काहून होत नाहीत, ते कोणी मला समजावून सांगा. जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

ओरिजिनल सायलेन्सर 9 हजाराच्या घरात, फिटिंग वेगळं. तेवढ्यात अमरावतीला शिकणारा भाचा सुट्टीला आला. "मामा, कायले ओरिजिनल घेता? स्टेनलेसचा मागवा ना. निम्म्या पैशात. अन् आवाजाले थोडा बेस येते." बेस! शेतात खताची पोती नेणाऱ्या गाडीला बेस पाहिजे होता! पण खरं सांगतो, 'निम्म्या पैशात' ऐकलं आणि मीही पाघळलो. ऑनलाइन, 4,800 रुपये. त्याखालचे अभिप्राय मी वाचले होते, असं नाही की वाचले नव्हते. पाच चांदण्या देणारा एक भाऊ लिहितो, 'एक नंबर वस्तू, अजून लावली नाही.' अरे मग चांदण्या कायच्या दिल्या? खोक्याच्या?

आता ते व्हिडिओ. बसवायच्या आधी आठ पाहिले. आठही व्हिडिओत गाडी लिफ्टवर, सहा फूट वर, आणि पोरगा खाली ताठ उभा. शर्टावर डाग नाही. बोल्ट बोटानं फिरवल्यासारखे सुटतात, मागं गाणं वाजते. आमच्याकडं लिफ्ट म्हणजे मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीला हात करणं. माझ्याकडं गाडीसोबत आलेला स्क्रू जॅक, अंगणात वितभर मुरूम आणि त्याखाली काळी माती. तुम्ही हँडल फिरवा, गाडी वर येत नाही, जॅकच खाली जाते. खाली न्हाणीतली जुनी फरशी दिली, ती कडाडली. शेवटी बाभळीचे दोन ओंडके ताशीव करून उताराची चढण केली, मागची चाकं त्यावर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली. यातच सकाळचे दहा वाजले. मे महिना, सावलीत 44.

शेजारचे काका कुंपणावरून, "विटा लाव ना चार. मायावाल्या ट्रॅक्टरले लावतोच मी."

काका, विटा लावू नका! कोणीच लावू नका! वीट भार सोसता सोसता काही न सांगता फुटते, आणि त्या वेळी गाडीखाली माणूस असतो.

तर बोल्ट. जोडावर दोन बोल्ट, स्प्रिंगवाले. 12 वर्षांचा गंज. आदल्या रात्री डिझेल मारून ठेवलं होतं, सकाळी पुन्हा गंज सोडवायचा फवारा मारला. 14 चा रिंगपाना लावला, त्याच्या दांड्यावर पाइप घालून लांबवला, जोर दिला, आणि कर्रकन आवाज आला. मला वाटलं सुटला. सुटला नव्हता, डोकं स्लिप झालं होतं. सहा कोनांचा बोल्ट गोल झाला की माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात ते मी इथं लिहू शकत नाही. बायको आतून म्हणे, "पोरं ऐकून राह्यली." दुसरा बोल्ट निघाला, म्हणजे अर्धा निघाला. अर्धा आतच तुटून राहिला. गॅरेजवाला अशा वेळी गॅसनं लाल करतो आणि दोन मिनिटांत काढतो. इथं वर पेट्रोलची टाकी. आणि काकांचा पुढचा सल्ला काय असावा? "दोन गोवऱ्या पेटवून ठेव खाली. तापला की येतेच तो." पेट्रोलच्या टाकीखाली गोवऱ्या! म्हणजे सायलेन्सरचा प्रश्नच मिटला, आणि गाडीचाही, आणि पिंडाला कावळाही शोधावा लागला नसता, तिथंच निंबावर बसून होते दोन.

ग्राइंडर लावावा म्हटलं तर लाईन गेली. लाईन आमच्याकडं ग्राइंडरचा प्लग बघूनच जाते, यावर माझा आता पक्का विश्वास आहे. मग छन्नी-हातोडी, उताणं पडून, दोन तास. वरून गंज थेट तोंडावर. चष्मा घातला होता, घामानं घसरून गेला, त्याच वेळी डोळ्यात कण गेला. सायलेन्सर टांगायच्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती सुळकन निघतात, हे मात्र व्हिडिओत खरं होतं. अख्ख्या दिवसात तेवढं एक खरं निघालं.

दुपारी अडीचला जुना निघाला. नवीन लावायला घेतला.

आणि इथं माझं डोकं खरं सरकलं. जुन्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या चकतीला, दोन भोकं, नवीनला दोन भोकं, पण दोघांतलं अंतर वेगळं! सहा मिलिमीटरचा फरक. टांगायचा दांडा दोन इंच डावीकडं. आणि जुन्या पाइपचं तोंड 38 मिलिमीटर, नवीनचं 45. डायरेक्ट फिट! कशात डायरेक्ट? विहिरीत? मी मोजमाप टाकलं होतं, मॉडेल टाकलं होतं, वर्ष टाकलं होतं. हिरव्या रंगात बरोबरची खूण दाखवली होती तिथं, 'तुमच्या गाडीला बसते'.

लाईन अजूनही नाही, म्हणून कानस घेतली आणि गोल भोकं घासून घासून लांबट केली. स्टेनलेस, कानशीनं, 44 डिग्रीत. एका भोकाला पाऊण तास. भाचा खाटेवर मोबाइलात. "मामा, एवढी मेहनत करूनच राह्यले तर समोरचा कॅटही काढून टाका, सरळ पाइप टाका. मोकळी होते गाडी." कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून टाका! त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते पोरा, विषारी धूर तिथं निवतो. ते काढलं की पीयूसीच्या टेबलावरच गाडी नापास. आणि आवाज, धुराचे निकष मोडले तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. तेवढ्या पैशात माझा एक ओरिजिनल सायलेन्सर आला असता. याला म्हटलं, तू उठ आणि पाना धर. तो उठला नाही.

साडेपाचला बसवला. चाबी फिरवली. फट्-फट्-फट्-फट्. म्हैस उठली. शेपटीच्या तोंडावर ओला बोळा धरून पाहिलं, तर जोडातून सुसाट वारा. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे बंद पडून वर्षं झाली, पण गल्लीतले म्हातारे बाहेर येऊन बघून गेले, की पुन्हा सुरू झाली का काय.

दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात मूर्तिजापूर. चारही काचा खाली, मेच्या उन्हात, एसी बंद. कारण असा जोड गळत असला की धूर बुडाखालून गाडीत शिरू शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास देतो. वाटेत तीन जणांनी हात करून सांगितलं, "भाऊ, सायलेन्सर पडला का?" पडला नाही भाऊ, नवीन आहे.

वेल्डरनं खाली वाकून पाहिलं, हसला नाही, याबद्दल त्याचा मी आयुष्यभर ऋणी राहीन. आधी बॅटरीची मायनसची वायर काढली, टाकीच्या बाजूला ओलं पोतं टाकलं. मग माझ्या डिकीतला जुना सडका सायलेन्सर काढला, त्याचा फ्लँज कापला, नवीनच्या तोंडाला भंगारातल्या पाइपची बाही घालून त्यावर तो जुनाच फ्लँज वेल्ड केला. दांडा कापून सरकवला. 50 मिनिटं, 350 रुपये. म्हणजे माझा 'वेल्डिंगची गरज नाही' आज चार ठिकाणी वेल्ड झालेला आहे आणि त्याचं तोंड 12 वर्षांपूर्वीचं आहे. आणि बेस? आहे ना. 60 च्या वेगाला गाडीत असा घुमतो की बाजूच्याशी बोलायचं तर ओरडावं लागते. बायकोनं बोलणं सोडून दिलं आहे, ते सायलेन्सरमुळं की माझ्यामुळं, विचारायची हिंमत नाही.

परत पाठवू म्हटलं तर 'एकदा बसवलेला माल परत घेतला जात नाही'. न बसवता कसं कळणार बसते का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडं नाही. चार फोन झाले, प्रत्येक वेळी नवीन पोरगी, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कथा. काल शेवटी मेल आला. तक्रार विचारात घ्यायला अधिकृत गॅरेजच्या मेकॅनिकनं फिटिंग केल्याचं बिल जोडा, म्हणतात.

अधिकृत गॅरेजचं! खोक्यावर घरच्या घरी अर्धा तास छापून ठेवला आहे, आणि आता बिल पाहिजे! कोणाच्या नावानं फाडू? वेल्डरनं तर 350 चा आकडा खडूनं माझ्याच बंपरवर लिहून दाखवला होता. त्याचाच फोटो काढून पाठवला आहे.