राजा व्हायचंय? आधी सातबारा बघा

निवडणुकांना वैतागला असाल तर सरळ एक देशच चालवायला घ्या, नमुना सौदीचा घ्या, चालू मॉडेल आहे. पहिलं काम म्हणजे देशाला घराण्याचं नाव द्या. सौद घराण्याचे संस्थापक राजे अब्दुलअझीझनी 1932 ला तेच केलं. सातबाऱ्यावरच नाव चढलं म्हटल्यावर तलाठ्याकडे खेटे कोण घालतंय!

घटनेची घाई नको. साठ वर्षं तशीच ढकला, मग 1992 मध्ये एक मूलभूत कायदा काढा आणि त्यात लिहून टाका की घटना म्हणजे कुराण आणि सुन्नत (पैगंबरांची शिकवण आणि वागणूक), आणि गादी संस्थापकाच्या पोरा-नातवांकडेच. लोक फारच संसद संसद करायला लागले तर शूरा कौन्सिल ठेवा, 150 मेंबर, सगळे तुम्हीच नेमलेले, त्यांनी सल्ला द्यायचा, तुम्ही तो घ्यायचा असं कुठंय. मतदान नगरपालिकेपुरतं, 2005, 2011, 2015 असं अधूनमधून, सवय लागता कामा नये. पक्षांवर तर बंदीच, पोस्टरचा खर्च वाचतो.

पगारावर इन्कम टॅक्स लावू नका, टॅक्स भरणारा माणूस हिशोब मागतो. 2011 ला शेजारच्या देशांत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा राजे अब्दुल्लांनी घरं, नोकऱ्या, बेकारभत्ता असा अब्जावधी डॉलरचा प्रसाद वाटला आणि मोर्चे बंद केले. नंतर तेल गडगडलं की 2020 मध्ये व्हॅट 5 वरून थेट 15 टक्के. विचारणार कोण?

खरी डोकेदुखी जनता नाही हो, भावकी! सहा भाऊ ओळीने राजे झाले, त्यातल्या सौदला 1964 मध्ये काढून भाऊ फैसल बसला, फैसलला 1975 मध्ये पुतण्याने गोळी घातली. म्हणून राजे सलमानसाहेबांकडून शिका. 2015 ला आधी भाऊ युवराज, तीन महिन्यांत तो गेला आणि पुतण्या आला, 2017 ला पुतण्याही गेला आणि स्वतःचा मुलगा आला. टीव्हीवर मुलाने त्या चुलतभावाचा हात चुंबला, काय ते संस्कार, डोळे भरून आले. (2020 मध्ये त्याच चुलतभावाला उचलला, ते सोडा.)

आणि घरच्यांना जेलात टाकलेलं बरं दिसत नाही, तेव्हा नोव्हेंबर 2017 सारखं रियाधचं रिट्झ-कार्लटन हॉटेल बुक करा, भ्रष्टाचाराच्या आरोपावरून राजपुत्र, मंत्री, शेठ सगळे तिथे मुक्कामाला. चेकआउटच्या वेळी म्हणे एकूण 400 अब्ज रियाल वसूल झाले, आकडा सरकारी आहे. फेब्रुवारीत हॉटेल परत सगळ्यांसाठी उघडलं, आता तुलनेने स्वस्तात रूम मिळते.