‘सहा महिने फुकट लिहा, नोकरी मागून येईल’ हे पोरांना सांगणं बंद करा

पत्रकारितेच्या वर्गाला बसलेल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. तो माझ्या भाचीनं मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग डेस्कचा नाद सोडू का?’ डेस्क म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पान लावणारा विभाग, आणि तिथं बसतो तो उपसंपादक. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पेपरात भविष्य फक्त लिहिणाऱ्याला. उपसंपादक एआयनं संपवला. पान लावायला टेम्प्लेट पुरतं. तेव्हा सहा महिने फुकट बातम्या द्या, नाव छापून येईल, नोकरी आपोआप मागून येईल.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा इथून ज्यांच्या बातम्या रोज येतात, त्यातले बहुतेक वार्ताहर पगारी नाहीत. तुटपुंजं मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवरचं कमिशन, एवढंच हातात पडतं. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली तर चार पैसे, नाहीतर दुकान किंवा शेती सांभाळून बातमीदारी. लिहिणारे आधीच भरपूर आहेत. त्यात तुम्ही फुकट लिहायला लागलात की पगारी जागा भरायची निकड उरत नाही, कारण मजकूर येतोच आहे.

आणि कायदा काय म्हणतो तेही वाचा. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानुसार पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो पत्रकार म्हणून नोकरीला आहे, तो श्रमिक पत्रकार. पूर्णवेळ असो की अर्धवेळ, पण नोकरी हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ही व्याख्या डिजिटल माध्यमं जोडून जवळपास तशीच आली आहे. नेमणूकपत्र नसेल तर बायलाइनच्या, म्हणजे नावानिशी छापलेल्या बातम्यांच्या, कात्रणांची जाडजूड फाइल असूनही थकलेल्या पैशांसाठी भांडणं फार अवघड जातं. म्हणून पहिल्या दिवशी मागायचं ते नेमणूकपत्र. त्यावर पद, तारीख आणि पगार. याच व्याख्येत बातमीदाराच्या बरोबरीनं उपसंपादकाचं नाव आहे, हे मेसेज लिहिणाऱ्यानं बघायला हवं होतं.

आता एआयचं. पावसाळ्यात डेस्कवर बातमीची कॉपी, म्हणजे कच्चा मजकूर, येते: ‘कोयनेतून ५० हजार टीएमसी विसर्ग.’ अख्ख्या कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. बातमीदाराला म्हणायचं असतं क्युसेक. टीएमसी हे साठ्याचं माप, क्युसेक हे सेकंदाला किती पाणी सुटतं त्याचं. शुद्धलेखन तपासणारं यंत्र हे वाक्य तसंच सोडतं, कारण त्यात व्याकरणाची चूक नाहीच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ४१ फुटांवर असताना ‘कृष्णेनं धोका पातळी ओलांडली’ असं हेडिंग छापून गेलं, तर नदीकाठच्या वस्त्यांत रातोरात सामान बाहेर निघेल. हळदीचा दर क्विंटलला असतो, बेदाण्याचा किलोला; तिथंही हाच घोळ होतो. हे पकडायला ही माणसं, ही नदी, हा बाजार माहीत असलेला माणूसच लागतो.

टेम्प्लेट चौकट देतं, पान देत नाही. पान छपाईला सुटायच्या वेळी तीन कॉलम २० सेंटिमीटरची जाहिरात आली की ६० कॉलम सेंटिमीटर मजकूर काढावा लागतो. कुठली बातमी कापायची, कुठली एका कॉलमात टाकायची, हे काही मिनिटांत ठरतं. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. मजकुराची अक्षरं नुसत्या काळ्याऐवजी चार रंगांत गेली आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर हलली, तर अख्खं पान दुहेरी दिसतं.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: मुद्रितशोधकाचं, म्हणजे प्रूफ तपासणाऱ्याचं, पद बहुतेक ठिकाणी उरलेलं नाही. जिल्ह्याची पानं कोल्हापूर-पुण्याच्या डेस्कवर लावली जातात, त्यामुळे गावातल्या गावात डेस्कच्या जागा कमी झाल्या आहेत. पान लावणाऱ्याचं नाव पत्रकाराच्या त्या व्याख्येत नाही, हेही खरं. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर शिकून भागत नाही आणि नुसतं लिहूनही भागत नाही. मागणी आहे ती बातमी संपादित करून स्वतःच पान लावणाऱ्याला.

भाचीला सांगितलं, डेस्क सोडू नकोस. रोज सहाशे शब्दांची एक बातमी घे, अर्ध्या तासात १८० शब्दांवर आण. तिला एक, दोन आणि तीन कॉलमचं अशी तीन हेडिंगं दे, एक फोटोओळ लिही आणि इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ कॉलमच्या पानावर बसव. मग बातमीतला प्रत्येक आकडा मूळ प्रेसनोटशी ताडून बघ. उपसंपादकाच्या चाचणीत साधारण हेच करायला लावतात.