मेनबोर्ड बदला म्हणे!

आज कॅमेरा दुरुस्तीच्या एस्टिमेटची आणखी एक चिठ्ठी. वरच्या ओळीत ग्राहकाची तक्रार: "२४-१०५ झूम लेन्स. एफ/४ला फोटो येतो, एफ/८ केलं की एरर ०१." खालच्या ओळीत निदान: "मेनबोर्ड बदलणे", म्हणजे कॅमेऱ्याचा मुख्य सर्किट बोर्ड. अरे, उत्तर वरच्याच ओळीत आहे! ती वाचायचेही कष्ट घेतले नाहीत!

व्ह्यूफाइंडरमधून बघताना लेन्स पूर्ण उघडी असते, उजेडाचं तोंड लहान-मोठं करणारी आतली पाती मिटतात ती फक्त फोटो निघतो त्या क्षणी. एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान; एफ/४ म्हणजे या लेन्सचं सगळ्यात मोठं तोंड, तिथे पात्यांना हलायचंच नसतं, म्हणून एरर नाही. एफ/८ला हलायला सांगितलं आणि ती हलली नाहीत. एवढीच गोष्ट. झूमच्या एका टोकाला चालतं आणि दुसऱ्या टोकाला अडतं का, ते बघा. तसं असेल तर डायफ्रॅमची (त्या पात्यांच्या यंत्रणेची) लवचिक फ्लेक्स केबल झूमबरोबर वाकून वाकून चिरलीय. बोर्डाचा संशय असेल तर हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावा, या बॉडीवर दुसरी लेन्स लावा. दोष लेन्सबरोबर गेला तर बॉडीला हात कशाला लावता? दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी माणसाला नवा बोर्ड विकायचा!

एरर न येता नुसतं एक्स्पोजर बिघडलं तर विचारूच नका, लगेच "मीटर गेला", म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. मॅन्युअल मोड, आयएसओ पक्का, दिवसाच्या स्थिर उजेडातली साधी भिंत. एफ/४ला शटर १/५०० सेकंद, एफ/५.६ला १/२५०, एफ/८ला १/१२५, एफ/११ला १/६०. दर पायरीला उजेड निम्मा, वेळ दुप्पट, म्हणून चारही फोटो सारखे यायला हवेत. पुढचा पुढचा उजळत गेला तर पाती पुरती मिटत नाहीत. मीटरचा इथे संबंध काय?

निकॉनच्या लिव्हरवाल्या लेन्सला तर तेवढंही नको. लेन्स काढा, मागची लिव्हर बोटाने सरकवा, सोडा. पाती खटकन मिटली पाहिजेत. आळसावून मिटली तर त्यांवर तेल आलंय. आणि खबरदार, वरून लायटर फ्लुइड सोडाल तर! ते तेल विरघळवून पुढच्या-मागच्या काचांवर पसरवतं. पाती बाहेर काढूनच पुसायची असतात.

तसेच ते खोडरबरवाले. प्रत्येक एररवर एकच इलाज, लेन्स आणि बॉडी जोडणारे धातूचे कॉन्टॅक्ट घासा! सोन्याचा मुलामा जातो, चुरा बॉडीत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेलं, धागे न सुटणारं कापड बास. आणि कॉन्टॅक्टच गेले असते तर बहुधा ऑटोफोकसही अडला असता, अॅपर्चरच्या, म्हणजे एफच्या आकड्याच्या, जागी ०० दिसलं असतं. तेवढं तरी बघा!

निकॉनच्या रिंगवाल्या डी लेन्सवर कॅमेऱ्यात "एफईई" अशी सूचना आली की बिघाड नसतो, अॅपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करायची राहिलेली असते. निकॉनच्याच डी९० बॉडीवर ई लेन्स (विजेने पाती चालणारी) लावली तर पाती मिटणारच नाहीत, त्या बॉडीला ती चालवताच येत नाहीत. यासाठीही लेन्स उघडलेल्या आहेत, स्क्रूंच्या खाचा मोडून परत आलेल्या आहेत.

त्या २४-१०५ला लागतं ते केबलसकट डायफ्रॅम युनिट. चिठ्ठीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.