चिमूटभर मिठाचा जाच

आमच्या कचेरीत हल्ली कोणतीही बातमी मिठाशिवाय येत नाही. शेजारचे सहकारी खुर्ची सरकवून जवळ येतात, इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणतात, ‘हे जरा पिंच ऑफ सॉल्ट घेऊनच ऐका हं’ असे बजावतात आणि पुढच्याच वाक्यात निम्म्या विभागाच्या बदल्या करून मोकळे होतात. बातमी खरी ठरली तर ती त्यांनीच आधी दिलेली असते आणि खोटी ठरली तर मिठाचे त्यांनी बजावलेलेच असते; झोप तेवढी माझी उडते.

ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी गिळू नये, थोडी शंका राखूनच घ्यावी, एवढाच या वाक्प्रचाराचा अर्थ. ब्रिटिशांना त्यासाठी चिमूटभर मीठ लागते, अमेरिकनांचे एका कणावर भागते. त्याचा माग सहसा प्लिनी या रोमन ग्रंथकारापर्यंत नेला जातो. इसवी सन ७७ च्या सुमारास त्याने मिथ्रिडेटिस राजाच्या विषावरील उताऱ्याची कृती नोंदवली: दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे आणि सतापाची २० पाने मिठाचा एक कण घालून कुटायची, हे उपाशीपोटी घेतले की त्या दिवसापुरते कोणतेही विष बाधत नाही म्हणे. (यातला ‘म्हणे’ माझा.) म्हणजे तिथले मीठ निव्वळ मीठच होते. पुढे त्यात शंका मिसळली आणि सतराव्या शतकापासून ते इंग्रजीत या अर्थाने रुळले.

मुळात हा सल्ला तिसऱ्याच्या बोलण्याबद्दल द्यायचा असतो; कुणाची बढाई, जाहिरातीतले वचन, निवडणुकीतले भाकीत अशांसाठी तो शोभतो. शिवाय मराठीत तिखटमीठ लावतो तो सांगणारा, तर इंग्रजीत मीठ घ्यायचे ते ऐकणाऱ्याने. आमच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषांचा मान राखला आहे: तिखटमीठ ते स्वतः लावतात आणि वर आणखी चिमूटभर मलाच घ्यायला सांगतात.

खरा घोळ पुढेच होतो. सकाळी मिठासकट निघालेली बातमी दुपारी वरच्या मजल्यावरून परत येते, तेव्हा वाटेत मीठ धुऊन निघालेले असते आणि ती ‘आतल्या गोटातली’ झालेली असते. सहकारीही मग ती नव्याने ऐकून हादरतात, आपलीच बातमी त्यांना ओळखू येत नाही. शेवटी मी धीर करून थेट साहेबांनाच बदल्यांबद्दल विचारले, तर त्यांनी मिठाची गुळणी धरली.